दाराआडचे कानसेन



गेल्या वर्षी पुण्याला भाचीच्या लग्नात मुलाकडच्या एका काकांनी मला विचारलं, "तुमचं गाव कुठलं?" मी सवयीने म्हटलं, "लष्कर." ते म्हणाले, "अच्छा, म्हणजे वडील मिलिटरीत होते का?"

ग्वाल्हेरकरांना हा प्रसंग नवा नाही. मग मी नेहमीचं पुराण लावलं. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली आपल्या फौजेची छावणी टाकली. हळूहळू तंबूंच्या जागी वाडे उभे राहिले, बाजार बसला, देवळं झाली, पण नाव लष्करच राहिलं. फौजेमागून कारकून आले, भिक्षुक आले, वैद्य आले, कीर्तनकार आले. आमचे पूर्वज त्यातलेच, हिशेबाच्या दौत-लेखणीवाले. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि कौतुकाने म्हणाले, "दोनशे वर्षं बाहेर राहून मराठीपण टिकवलंत, कमाल आहे!"

बरं वाटलं. पण परतीच्या गाडीत विचार करत होतो, की आपण नक्की टिकवलं काय? भाषा म्हणावी तर आमच्या मराठीत अर्धी हिंदी. "मी जाऊन राहिलोय", "त्याने मला फोन लावला नाही आहे" असं बोललो की पुण्याची मुलं तोंडावर हात ठेवतात. जेवणात वरण-भाताबरोबर बेडई-कचोरी कधीच येऊन बसली. मग आमच्या घराला, आमच्या गल्लीतल्या दहा-बारा घरांना एकत्र बांधणारं काय होतं? मला एकच उत्तर सुचलं. आम्ही गाणं ऐकणारी माणसं होतो. गाणारी नव्हे हं, ऐकणारी. तानसेनाच्या गावातले कानसेन.

त्या जमातीची ही आठवण. पण ती सांगायची तर गाणं आमच्याकडे आलं कुठून, इथून सुरुवात करायला हवी.

ज्याला आज सगळे ग्वाल्हेर घराणं म्हणतात, त्याचं मूळ नत्थन पीरबख्श यांच्याकडे जातं. ते लखनौकडून ग्वाल्हेरला आले. त्यांचे नातू हद्दू खाँ आणि हस्सू खाँ. त्या वेळी शिंद्यांच्या दरबारात बडे मोहम्मद खाँ हे मोठे गवई होते आणि त्यांच्या तानेला तोड नव्हती. दोन्ही घरांत चुरस होती, त्यामुळे ती विद्या मागून मिळण्यासारखी नव्हती. घराण्यात गोष्ट अशी सांगतात, की महाराजांनी या दोन पोरांना पडद्याआड बसवलं आणि कित्येक महिने बडे मोहम्मद खाँचं गाणं ऐकायला लावलं. एके दिवशी भर दरबारात पोरं त्याच ताना घेऊन गायली, तेव्हा खाँसाहेब संतापले. दंतकथा म्हणा, पण आमच्या आजोबांनी, म्हणजे अण्णांनी, ती इतक्या वेळा सांगितली होती की तो पडदा मला डोळ्यांसमोर दिसायचा. हिरवा, जाड, खाली जरीचा काठ असलेला.

हे नाव घेताना अण्णा आधी कानाच्या पाळीला हात लावायचे. हद्दू खाँसाहेब १८७५ साली गेले, अण्णांच्या जन्माच्या कितीतरी आधी. त्यांना पाहण्याचा प्रश्नच नव्हता. तरी कानाला हात लावल्याशिवाय नाव घ्यायचं नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम. आमच्या देवघरात सोवळं कडक होतं, पण खाँसाहेबांच्या नावाला कानाला हात लावताना कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

हे गाणं मराठी घरांत आलं ते खाँसाहेबांनी दिलं म्हणून. कोकणातून आलेले वासुदेवबुवा जोशी हस्सू खाँचे शिष्य झाले. बाबा दीक्षितही त्यांचेच शिष्य. पुढे वासुदेवबुवांकडे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर शिकले. बाळकृष्णबुवांनी (१८४९–१९२६) ती गायकी मिरज-इचलकरंजीकडे नेली. तिथे विष्णु दिगंबर पलुसकर त्यांच्याकडे शिकले आणि त्यांनी १९०१ साली थेट लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. पुण्या-मुंबईत, मिरज-सांगलीत आज जो ख्याल ऐकला जातो, त्याचा एक मोठा प्रवाह लष्करातून तिकडे गेलेला आहे. हे त्या काकांना सांगायचं राहूनच गेलं.

देणं एका बाजूचं नव्हतं. सर्कशीमुळे प्रसिद्ध झालेले विष्णुपंत छत्रे तुम्हाला माहीत असतील. ते तरुणपणी ग्वाल्हेरला हद्दू खाँकडे गाणं शिकले होते. पुढे हद्दू खाँचे चिरंजीव रहमत खाँ फार वाईट अवस्थेत, भ्रमिष्टासारखे भटकत होते. छत्र्यांनी त्यांना शोधून आपल्याजवळ ठेवलं, सांभाळलं, आपल्या सर्कशीबरोबर गावोगाव नेलं, त्यांचं गाणं लोकांना ऐकवलं. विष्णुपंतांच्या मागे त्यांच्या भावाने, काशिनाथपंतांनी, खाँसाहेबांचं सगळं केलं. गुरूचा मुलगा म्हणजे घरातलाच, असा तो हिशेब.

दुसरी हकीकत आमच्या लष्करातलीच. हद्दू खाँचे धाकटे भाऊ नत्थू खाँ, त्यांचे दत्तक पुत्र निसार हुसेन खाँ. दरबारची नोकरी सुटल्यावर ते आपले शिष्य शंकरराव पंडित यांच्या घरी राहायला आले. कर्मठ ब्राह्मणाच्या घरात मुसलमान उस्ताद घरच्यासारखा राहतो आणि घरातल्या पोराला गाणं शिकवतो, हे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी घडलेलं आहे. त्या घरातलं पोर म्हणजे कृष्णराव शंकर पंडित. त्यांनी १९१४ साली गायनशाळा काढली, तीच पुढे वडिलांच्या नावाने शंकर गांधर्व महाविद्यालय झाली. मी त्यांना ऐकलं ते त्यांच्या उतारवयात. ऐंशी ओलांडलेला माणूस, आवाज मोकळा, छातीतून आलेला, आणि तान अशी सरळ यायची की समोरच्या रांगेतला माणूस मागे सरकावा. १९८९ साली ते गेले तेव्हा लष्करातल्या कित्येक घरांत स्वतःचं माणूस गेल्यासारखी शांतता होती.

हे झाले गाणारे. आता ऐकणारे.

आमच्या माडीवर वर्षातून पाच-सहा बैठकी व्हायच्या. अण्णा संस्थानच्या हिशेबखात्यात होते, संस्थान विलीन झाल्यावर सरकारी कारकून. पैसा बेताचाच. पण बाहेरगावचा गवई लष्करात आला, की कुणाच्या तरी माडीवर जाजम पडायचंच. पानाचं तबक, लोड-तक्के, मधे समई. बिदागीसाठी दहा घरांतून वर्गणी. आणि नियम ठरलेले, कुणी लिहून न दिलेले. तंबोरे लागत असताना बोलायचं नाही, कारण गाणं तिथूनच सुरू झालेलं असतं. उठायचं ते चीज संपल्यावर. दाद द्यायची ती समेवर, तीही हलकी. टाळ्या वाजवणारा माणूस नवखा समजायचा, पण त्याला हसायचं नाही, पुढच्या वेळी आपल्या शेजारी बसवायचं. नाट्यपदाची फर्माईश मध्यरात्रीच्या आधी करायची नाही. आणि भैरवीपर्यंत बसायचं, मग सकाळी कचेरी असो नाहीतर काही असो.

मोठेपणी माझ्या लक्षात आलं, की हे सगळं त्या गायकीतूनच आमच्यात उतरलं होतं. ग्वाल्हेरचा गवई आधी बंदिश पूर्ण मांडतो, स्थायी आणि अंतरा दोन्ही, शब्द न खाता. मग आलाप, बोलआलाप, तान, बोलतान, मींड, गमक, लयकारी, प्रत्येकाला आपापली जागा. एकाच अंगाचा फार हव्यास करायचा नाही. राग बहुतेक सरळ, माहितीतले, यमन, भैरव, हमीर, केदार, कामोद, गौडमल्हार. अनवट राग गाऊन ऐकणाऱ्याला बुचकळ्यात टाकण्यापेक्षा रोजचा यमन नीट गा, असं अण्णांचं म्हणणं. घरातही तेच. पाहुणचार असो की लग्न, आहे ते नीट मांडा, दिखावा नको. मला गणितात कमी गुण मिळाले तेव्हा ते रागावले नाहीत, म्हणाले, "अंतरा सोडून ताना मारायला गेलास."

दरवर्षी थंडीत हजिऱ्याला, मोहम्मद गौस यांच्या मकबऱ्याजवळ, तानसेनाच्या समाधीवर समारोह होतो. त्याची सुरुवात सकाळी होते. ढोलीबुवांच्या मठाचे महाराज हरिकथा करतात आणि तिथेच मिलाद होतो, चादर चढते. अण्णा मला त्या सकाळच्या कार्यक्रमाला न चुकता न्यायचे. रात्रीच्या मोठमोठ्या गवयांपेक्षा त्यांना ती सकाळ प्यारी. तिथल्या चिंचेचा पाला चावला की गळा गोड होतो म्हणतात. मी मूठभर चावला, दात आंबले, गळा होता तसाच राहिला.

आणि आमच्या घरात एक वही होती. लाल कापडी बांधणीची, खतावणीसारखी लांबट. पहिली पानं पणजोबांच्या हातची, मोडीत. पुढची अण्णांची, बाळबोध. त्यात ऐकलेल्या चिजा लिहिलेल्या, एकूण दोनशे बारा. प्रत्येक चिजेच्या खाली एक ओळ: कुणाकडून मिळाली. अमुक खाँसाहेबांकडून, त्यांना अमुकांकडून. अमुक बुवांनी चहा घेताना सांगितली. अण्णा म्हणायचे, चीज विसरली तरी चालेल, देणाऱ्याचं नाव विसरता कामा नये.

त्यावरून त्यांचं छापील पुस्तकांशी थोडं वाकडं होतं. १९१८ साली माधवराव शिंद्यांनी पंडित भातखंड्यांच्या मदतीने लष्करात माधव संगीत महाविद्यालय सुरू केलं. तिथे शिकवायला इथल्याच काही गवयांना आधी मुंबईला भातखंड्यांकडे पाठवलं होतं. राजाभैया पूंछवाले त्यांतले. भातखंड्यांनी ठिकठिकाणच्या गवयांकडून बंदिशी मिळवून, स्वरलिपीत बसवून क्रमिक पुस्तकांचे सहा भाग काढले. जे पडद्याआड चोरून ऐकावं लागत होतं, ते आता दुकानात विकत मिळू लागलं. "पुस्तकातून चीज येते, गाणं येत नाही," असं अण्णा म्हणायचे खरे, पण सहाही भाग त्यांच्या कपाटात होते, आणि त्यांच्या समासांत त्यांच्याच हातच्या टिपा होत्या. मुलांना शिकवायचं तर हे हवंच, हेही त्यांना कळत होतं.

आता जे लिहितोय ते आमच्या जमातीचं कौतुक नाही.

माझी आत्या, अण्णांची थोरली मुलगी, रीतसर गाणं शिकली. परीक्षा पहिल्या वर्गात पास झाली. सकाळी चार वाजता तिचा षड्ज लागायचा आणि आम्ही पोरं त्यावर झोपेत कूस बदलायचो. मुलीला गाणं शिकवण्यात अण्णांना कमीपणा वाटत नव्हता, उलट अभिमान होता. पण आमच्या माडीवर बैठक असली की बायकांची जागा आत, माजघराच्या दाराआड. दाराला पडदा. चहा आणि दूध त्या पडद्यापर्यंत यायचं, पुढे आम्ही पोरं न्यायचो. आत्या तिथे जमिनीवर बसून भैरवीपर्यंत ऐकायची.

मी सात-आठ वर्षांचा असेन. दक्षिणेकडून एक बुवा आले होते. कामोद छान जमला होता. अंतऱ्याला हात घातला आणि दुसऱ्या ओळीवर शब्द निसटले. असं होतं, मोठ्यामोठ्यांचं होतं. बुवांनी एक आवर्तन आलापात काढलं, दुसरं काढलं. तबलजी पाहतोय, अण्णा जाजमाकडे पाहतायत. तेवढ्यात पडद्यामागून ती ओळ आली. मोठ्याने नाही, पण स्वरात, आणि बरोबर समेवर. बुवांनी डोळे मिटून मान हलवली, ओळ उचलली आणि गाणं पुढे गेलं.

चीज संपल्यावर त्यांनी विचारलं, "आत कोण?" अण्णा म्हणाले, "घरातली मंडळी." बुवा म्हणाले, "वा." एवढंच झालं. कुणी पडदा सरकवला नाही. कुणी म्हटलं नाही, बाहेर ये, तंबोरा घे, एक चीज तूही म्हण. मी दुधाचा पेला न्यायला आत गेलो तेव्हा आत्या पदराने चष्मा पुसत होती.

सबंध बैठकीत एकही वाईट माणूस नव्हता. सगळे कानाला हात लावणारे, भैरवीपर्यंत बसणारे, भिन्न धर्माच्या उस्तादाला गुरू मानणारे. पडद्याआडून शिकलेल्या दोन पोरांची गोष्ट सगळ्यांना पाठ होती. आणि आपल्याच घरातला पडदा कुणाला दिसला नाही. मलाही तो दिसायला चाळीस वर्षं लागली. कृष्णरावांच्या नातीने, मीता पंडित यांनी, गाणं हाच व्यवसाय केला. त्या घराण्यातल्या त्या पहिल्या स्त्री गायिका, असं मी वाचलं, तेव्हा प्रथम आत्याची आठवण झाली.

आत्या शाळेत संगीत शिक्षिका झाली. तीस वर्षं प्रार्थना आणि समूहगीतं शिकवली. जाहीर कार्यक्रम कधी नाही. अण्णा गेल्यावर मी वही चाळली. कामोदची ती चीज आहे. खाली अण्णांच्या सुबक अक्षरात बुवांचं नाव आहे, तारीख आहे. आत्याचं नाव नाही. त्या पानावर नाही, कुठल्याच पानावर नाही.

तीन वर्षांपूर्वी एक मुलगी आत्याकडे शिकायला यायला लागली. हजिऱ्याकडून येते, टमटमने. सारंगीवाल्यांचं घर, पण वडिलांनी सारंगी सोडून दुचाक्या दुरुस्तीचं दुकान टाकलेलं. आत्याला ती "बुआजी" म्हणते. एक दिवस तिने विचारलं, वही उतरवून घेऊ का?

आमच्या घरात यावर बराच खल झाला. एक चुलतभाऊ म्हणाला, "घराण्याची वस्तू आहे, बाहेर कशाला?" दुसरा म्हणाला, "आपल्या मराठी मुलांपैकी कुणाला तरी द्या की." मी खरं सांगतो, क्षणभर मलाही तसंच वाटलं. मग पहिलंच पान उघडलं. पणजोबांची मोडी, आणि खाली देणाऱ्याचं नाव: खाँसाहेब. दुसरं पान, खाँसाहेब. सातव्या पानापर्यंत आमच्या आडनावाचं, आमच्या जातीचं एकही नाव नाही. जे त्यांनी न विचारता दिलं, ते त्यांच्याच बिरादरीतली पोर मागतेय आणि आम्ही कुणाला द्यावं याचा विचार करतोय.

आत्याला विचारलं. ती शहाऐंशीची आहे, ऐकू थोडं कमी येतं. म्हणाली, "दे ना. पण तशीच नको देऊस, अण्णांच्या चुका आहेत त्यात. घाईत लिहायचे. मी आतून ऐकायचे, मला माहीत आहे."

मग चार महिने रोज दुपारी दोघी बसल्या. आत्या म्हणायची, मुलगी लिहायची, मी मोडी वाचून द्यायचो. सदतीस चुका निघाल्या. कुठे शब्द, कुठे सम चुकलेली. दोन चिजांचे अंतरे वहीत नव्हतेच, ते आत्याने सांगितले. काम संपलं तेव्हा मुलीने आपली वही मला दाखवायला आणली. साधी शाळेची वही, निळ्या पुठ्ठ्याची. आमच्याच पद्धतीने प्रत्येक चिजेखाली देणाऱ्याचं नाव लिहिलेलं. तिला ती आत्याकडून मिळाली, म्हणून आधी आत्याचं नाव, पूर्ण, माहेर-सासरच्या आडनावांसकट. मग अण्णांचं, मग बुवांचं, मग खाँसाहेबांचं. दोनशे बारा वेळा.

आत्याने चष्मा लावून दोन-चार पानं पाहिली. म्हणाली, "अक्षर बरं आहे तुझं." आणि यमनची आठवी चीज पुन्हा म्हणायला लावली.

मंडळी, तुमच्याकडे बडोद्याला, इंदूरला, धारला, हैदराबादला अशा वह्या नक्की असतील. गाण्याच्या असतील, कीर्तनाच्या असतील, पाककृतींच्या किंवा औषधांच्या असतील. आजी-आत्यांपैकी कुणी हयात असेल तर ती वही घेऊन त्यांच्याजवळ बसा. चुका त्यांना माहीत असतात. आणि ज्यांची नावं त्यात राहून गेली आहेत, ती इथे खाली जरूर लिहा. मी वाचतोय.